भिंगरीसाठी शाळा शोधताना

"ताई, काही शोधताय का?"

मी दचकले. शाळेच्या जाळीच्या कुंपणाला जवळजवळ नाक लावून मी उभी होते, आणि जाळीपलीकडे गळ्यात शिट्टी, काखेत चेंडू अशा थाटात एक उंचच्या उंच माणूस माझ्याकडे संशयानं बघत होता. इतका उंच, की माझ्याशी बोलायला त्याला मान वाकवावी लागत होती. केस वाऱ्यानं विस्कटलेले. चष्म्याच्या एका काचेवर निळ्या खडूचं बोट उमटलेलं.

"नाही... म्हणजे हो. शाळा शोधतेय."

"मग सापडली की!" त्यानं मागच्या बैठ्या इमारतीकडे हात केला. "दार मात्र पलीकडे आहे. इकडून फक्त मांजर येतं."

"दार माहीत आहे मला. मला मधली सुट्टी ऐकायची होती."

"ऐकायची?"

आता सांगणं भाग होतं. म्हटलं, माझं कामच ते. बदली होऊन देशोदेशींहून या शहरात येणाऱ्या कुटुंबांना मी शाळा शोधून देते. घरं शोधून देणारे ढीगभर आहेत. शाळेसाठी आमच्या छोट्याशा ऑफिसात मी एकटी. आणि शाळांची माहितीपत्रकं वाचून काही कळत नाही हो, सगळी सारखीच. तीच हसरी मुलं, तेच हिरवं गवत. खरी शाळा कळते मधल्या सुट्टीत. गोंगाट असला की जीव भांड्यात पडतो. मुलं रांगेत गुपचूप डबे खाताना दिसली, की मी पुढचा पत्ता शोधते.

तो मन लावून ऐकत होता. मग म्हणाला, "मग आमचा गोंगाट कसा वाटला?"

"पास. पण त्या कोपऱ्यातली तिघं एकटी उभी आहेत."

"तिघं एकटी कशी असतील?" त्यानं वळून बघितलं आणि त्याचा आवाज जरा मऊ झाला. "ती माझी आहेत."

"तिन्ही?"

"वर्गातली हो!" तो कानापर्यंत लाल झाला. "नवीन आलीत. तिघांच्या तीन भाषा, आणि शाळेची चौथी. ती चौथी मी शिकवतो. थोडे दिवस जाऊ द्या, सगळ्यात मोठा आरडाओरडा त्यांचाच असेल."

शिट्टी वाजवायची वेळ झाली होती. तो चार ढांगा टाकून गेला, आणि तिथूनच ओरडला, "ताई, पुढच्या वेळी दारातून या!"

"ताई नका म्हणू!"

"मग काय म्हणू?"

"काहीच नका म्हणू!" मीही ओरडले. आणि पूर्ण रस्ताभर विचार करत राहिले, की एवढं ओरडण्यासारखं त्यात काय होतं?

मी ज्या कुटुंबासाठी ही शाळा बघत होते, त्यांच्याकडे त्याच संध्याकाळी गेले. भाड्याच्या फ्लॅटमध्ये अजून अर्धी खोकी बंद होती. आई पुलांची इंजिनिअर. जिथे पूल, तिथे बिऱ्हाड. बाबा घरी बसून भाषांतरं करणारे, त्यामुळे कुठेही न्या, त्यांचं काम त्यांच्या लॅपटॉपबरोबर जाणारं. आणि त्यांची दहा वर्षांची एकुलती एक मुलगी. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून लाडाचं नाव पडलं होतं भिंगरी. त्या दिवशी मात्र ही भिंगरी एका खोक्यावर हाताची घडी घालून दगडासारखी बसली होती.

"मला डोंगरावरची शाळा पटतेय," आई म्हणाल्या. "ती काचेची. तिचा अभ्यासक्रम किती देशांत चालतो! तीन वर्षांत पूल उभा राहील, मग आम्ही निघणार. पुढच्या गावी हिनं पुस्तकाचं पुढचं पान उघडायचं, बास."

"मला जरा घरगुती बरी वाटेल," बाबा चहाचे कप शोधता शोधता खोक्यामागून म्हणाले. "पण माझं कोण ऐकतंय."

मी खोक्यापाशी खाली बसले. "आणि तुला गं? कशी शाळा हवी?"

"कुठलीही." तिनं खांदे उडवले. "जवळची असली की झालं."

"मैत्रिणी मिळतील अशी?"

"मैत्रीण मी करणारच नाहीये. मग निघताना रडावं लागतं. आई बॅगा भरणार आणि मी रडणार... घरात एवढा गोंधळ नको."

आई खिडकीबाहेर बघायला लागल्या. बाबांच्या हातात कप तसाच राहिला. मला मात्र वाटलं, कुणीतरी मला माझाच लहानपणीचा फोटो दाखवलाय. माझ्या वडिलांची नोकरीही अशीच होती. दर दोन-तीन वर्षांनी नवं शहर, नवा युनिफॉर्म. मी फार लवकर एक युक्ती शिकले होते. सगळ्यांशी गोड वागायचं, आणि कुणाच्या फार जवळ जायचं नाही. मोठी झाले तरी तीच सवय. ऑफिसात, शेजारी, सगळे म्हणतात, किती गोड मुलगी! गोड आहेच मी. पाहुणी गोडच असते.

काचेच्या शाळेत आम्ही आधी गेलो. लिफ्ट, पोहण्याचा तलाव, जिथे तिथे पडदे आणि प्रोजेक्टर. प्रवेशाचं बघणाऱ्या बाई इतक्या हळू बोलत होत्या की आम्हीही कुजबुजायला लागलो. भिंगरी प्रत्येक गोष्टीला "छान आहे" म्हणत होती. वाचनालय? छान आहे. प्रयोगशाळा? छान आहे. भिंतीवरच्या आग विझवण्याच्या लाल नळकांड्यालाही ती "छान आहे" म्हणाली, तेव्हा बाबांनी माझ्याकडे बघितलं.

मग ही बैठी शाळा. प्रवेशाच्या बाई रजेवर होत्या, म्हणून आम्हाला शाळा दाखवायला कोण यावं?

"दारातून आलात!" तो म्हणाला.

"मांजर नाही ना मी."

आईंनी आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. मी घाईघाईनं माझी बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली.

त्याची खोली छतापासून जमिनीपर्यंत प्राण्यांच्या चित्रांनी भरली होती. आणि दारामागच्या भिंतीवर मुलांच्या नावांच्या पट्ट्या, प्रत्येकानं आपापल्या लिपीत लिहिलेल्या. "मी आधी प्राणी शिकवतो," त्यानं सांगितलं. "बोलायची लाज वाटते, पण बेडकाचा आवाज काढायची कुणालाच वाटत नाही. त्या नादात माझंही नाव पडलं. जिराफ सर."

"जिराफ ओरडतच नाही," भिंगरी म्हणाली. 'छान आहे' सोडून त्या दिवसातलं तिचं ते पहिलं वाक्य.

"म्हणून तर मुलांना ओरडायला लावतो. माझ्या वाटचं."

ती हसली नाही. पण हसू गिळलं, ते मला दिसलं.

आईंनी मात्र कामाचं विचारलं. "आमची बदली झाली, तर इथला अभ्यासक्रम पुढच्या देशात चालेल?"

मी त्याच्याकडे डोळे मोठे करून बघितलं. जरा सांभाळून बोला, अशा अर्थानं.

"चालेलच असं नाही," तो शांतपणे म्हणाला. "काही ठिकाणी चालतो, काही ठिकाणी परीक्षा घेतात. खोटं कशाला सांगू?"

बाहेर पडताना मी त्याला मागे ओढलं. "एवढं खरं बोलायची गरज होती का?"

"तुम्हीच म्हणालात ना, माहितीपत्रकं सगळी सारखी असतात?"

मी त्याच्या चष्म्याकडे बघितलं. आज दुसऱ्या काचेवर बोट उमटलं होतं. हिरव्या खडूचं.

दोन्ही शाळा मुलीला एक दिवस वर्गात बसवून बघायला तयार झाल्या. पण बैठ्या शाळेचा दिवस ठरायला वेळ लागला, आणि त्या काळात मला तिथे बऱ्याच फेऱ्या माराव्या लागल्या. म्हणजे... लागल्या असं मी ऑफिसात सांगितलं. खरं तर त्यातलं प्रत्येक काम फोनवर झालं असतं. बसची वेळ विचारायला गेले. मग बसचा थांबा बघायला गेले. मग थांब्यावर सावली आहे का, ते बघायला.

शाळा सुटल्यावर तो थर्मासमधला चहा दोन कपांत ओतायचा. त्या खोलीत मोठी खुर्चीच नव्हती. आम्ही दोघं मुलांच्या इवल्याशा खुर्च्यांवर बसायचो. त्याचे गुडघे थेट हनुवटीला लागायचे, आणि तसाच बसून तो मला कुठल्या मुलानं आज कुठला नवा शब्द वापरला ते सांगायचा, घरात लग्न ठरल्याची बातमी सांगावी तसा. बाहेर रिमझिम असायची. खिडकीच्या काचेवरून थेंब घसरायचे आणि आम्ही मधेच बोलायचं विसरायचो.

"सगळ्याच कुटुंबांसाठी एवढ्या फेऱ्या मारता?" एकदा त्यानं विचारलं.

"काही शाळांची तपासणी नीट करावी लागते."

"शाळेचीच ना?"

"शाळेचीच."

"मग काय निघालं तपासणीत?"

"चहा गोड आहे जरा."

"उद्या कमी साखर घालतो," तो कपात बघत म्हणाला. "उद्याही तपासणी आहे ना?"

मी मान डोलावली. आणि नेमकं त्याच आठवड्यात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दुसऱ्या देशात नवं ऑफिस उघडतंय, तिथली सगळी जबाबदारी तुझी, म्हणाले. पुढच्या महिन्यात निघायचं. असं कुणी म्हटलं की मी आजवर लगेच हो म्हणत आले होते. या वेळी म्हटलं, "उद्या-परवा सांगते." साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

भिंगरी त्या वर्गात बसून बघणार होती, त्याच्या आदल्या दुपारी मी शाळेत गेले, तेव्हा तो टेबलं पुसत होता.

"तिला इथेच घाला," तो एकदम म्हणाला. "त्या काचेत ती गुदमरेल."

"ते आईवडील ठरवतील. आणि खरं सांगू? आईंचं बरोबर आहे. ती तीन वर्षांनी जाणार आहे."

"मग तीन वर्षं तिनं काय करायचं? स्टेशनावरच्या बाकावर बसल्यासारखं बसून राहायचं?"

"सामान आवरून बसलेलं बरं असतं. गाडी आल्यावर धावपळ होत नाही." आणि मग, का कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, "मीही चाललेय. पुढच्या महिन्यात. नवीन ऑफिस आहे... बहुतेक."

फडकं टेबलावर थांबलं.

"अच्छा," तो म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "अच्छा. म्हणजे तपासणी संपली."

"असं का बोलताय?"

"कसं बोलू? अभिनंदन म्हणू?"

"तुम्ही कधी हे शहर सोडलंत?" माझा आवाज चढला. "एकदा तरी? नाही ना? मग जाणाऱ्यांचं तुम्हाला काय कळणार!"

"आणि राहणाऱ्यांचं तुम्हाला?" त्यानं दारामागच्या भिंतीकडे हात केला. "वर्ष संपलं की यातली कितीतरी नावं मी उतरवतो. एकेक करून. जाणाऱ्याला पुढे काहीतरी नवीन असतं हो. आम्हाला तीच खोली असते, तीच भिंत!"

"मग नका लावू जीव! कुणी सांगितलंय?"

"नाही जमत मला तुमच्यासारखं!"

मी ताडकन उठले आणि बाहेर येऊन दार आपटलं. मी! गोड मुलगी! फाटकापर्यंत गेले, तेव्हा लक्षात आलं की बॅग आतच राहिली. नाक पुसत परत आले. दार उघडून बोलायच्या आत त्यानं बॅग पुढे केली. त्याचा चेहरा माझ्याइतकाच फुगलेला.

"थँक यू," मी म्हटलं.

"असू दे," तो म्हणाला.

आणि मी दार पुन्हा आपटलं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात बसून कुठल्याच कामाला हात लावला नाही. दुपार कलली तसा फोन वाजला. भिंगरीचे बाबा. धापा टाकत होते.

"भांडली!"

"कोण?"

"आमची भिंगरी! दोरीच्या उड्यांत एका मुलीनं हिचा नंबर घेतला. झालं! दोघी अशा कडाडून भांडल्या म्हणता! हिला शाळेची भाषा येत नाही, तिला आपली येत नाही, तरी भांडल्या. जिराफ सरांनी शेवटी दोरीच काढून घेतली."

"अरे बापरे. मी बोलते त्यांच्याशी, काळजी करू नका..."

"काळजी? अहो, मी पेढे... म्हणजे, मला नाचावंसं वाटतंय! मागचं गाव सोडल्यापासून ही कुणाशी भांडलेली नाही. इतकी शहाण्यासारखी वागायची की आम्हा दोघांना झोप लागायची नाही. आज घरी आल्यापासून तणतणतेय. उद्या बघतेच तिला, म्हणते. उद्या, म्हणाली ती! ऐकलंत का?"

मग आई फोनवर आल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा ठाम नव्हता. "अभ्यासक्रमाचं मला अजूनही काचेच्या शाळेचंच पटतं. पण तुम्ही एवढं बघाल का? तीन वर्षांनी इथून निघालो, तर हिचं वर्ष वाया जाईल का? तेवढं कळलं, तर मी हो म्हणेन."

मी लगेच कामाला लागले. इंजिनिअरबाईंचे पुढचे पूल जिथे जिथे होण्यासारखे होते, तिथल्या शाळांना फोन लावले. उत्तर सगळीकडे थोड्याफार फरकानं एकच आलं. तेराव्या वर्षापर्यंत एक प्रवेशपरीक्षा देऊन मूल सहज सामावून घेतात, सुट्टीत गणिताची थोडी तयारी करून घ्या म्हणजे झालं. अडचण होते ती त्यानंतर. मी हे जसंच्या तसं आईंना सांगितलं.

"मग जाऊ दे तिला भांडायला," त्या म्हणाल्या, आणि हसल्या की रडल्या ते मला फोनवर कळलं नाही.

फोन ठेवला आणि मी तशीच बसून राहिले. आपण भांडतो कुणाशी? ज्याच्यापुढे उद्या पुन्हा उभं राहायचं असतं, त्याच्याशी. ज्याला सोडूनच जायचंय, त्याला हसून हात हलवता येतो. आजवर मी किती जणांना हसून हात हलवले होते! आणि काल मी दार आपटलं होतं. दोनदा.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. "मी नाही जाणार, सर."

"अगं, पण का? तिथे समुद्र आहे!"

"इथे माझं एक भांडण अर्धवट राहिलंय."

"भांडणासाठी राहणार तू?"

"हो."

साहेबांनी माझ्याकडे नीट बघितलं, पन्नाशीतल्या माणसानं बघावं तसं. "मग ते भांडण साधं दिसत नाही," ते म्हणाले. "जा तू. दुसऱ्या कुणाला तरी समुद्र दाखवतो."

शाळा सुटून गेली होती. तो खोलीत एकटाच, इवल्याशा खुर्चीवर बसून नावाची एक कोरी पट्टी कापत होता. मला बघून उठला, आणि डोकं वरच्या फळीला आपटून पुन्हा खाली बसला.

"भिंगरी येतेय," तो डोकं चोळत म्हणाला. "कळलं मला. अभिनंदन तुमचं." मग कात्रीकडे बघत, "आणि तुम्ही... तुम्ही कधी निघताय?"

"शनिवारी."

"शनिवारी?" त्याचा चेहरा असा उतरला, की मला त्याची दया आली आणि आनंदही झाला, दोन्ही एकदम. "पुढच्या महिन्यात ना म्हणाला होतात?"

"शनिवारी दुपारी. कपाट घ्यायला."

"...काय?"

"कपाट. लाकडी. जड हवं, चार माणसांना जिन्यावरून चढवताना घाम फुटेल असं. मी आजवर घेतलंच नव्हतं. जायचं म्हटलं की कपाट कुठे नेणार? त्यामुळे मला त्यातलं काही कळत नाही. फसवतील मला." मी बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली. "येतोस?"

शब्द निघाला तेव्हा मलाच ऐकू आला. भिंतीवरचे सगळे प्राणी कान टवकारून बसल्यासारखे.

"पुन्हा म्हण," तो हळूच म्हणाला.

"काय? कपाट?"

"नाही. त्याच्या नंतरचं."

"...येतोस?"

"येतो." त्यानं कात्री खाली ठेवली. "काल मी फार बोललो. मला..."

"नको. माफी नको मागू. ते भांडण मला पूर्ण करायचंय. सावकाश. मला आता घाई नाहीये."

तो हसला. आधी डोळ्यांत, मग चष्म्याखाली, मग सगळीकडे. आणि त्यानं हात पुढे केला, खडूच्या धुळीनं माखलेला. तो मी धरला, आणि घरी पोचेपर्यंत सोडला नाही. माझ्या बोटांवर निळा, हिरवा, पिवळा, सगळे रंग आले.

शनिवारी आम्ही फर्निचरच्या दुकानात गेलो. आत ताज्या पॉलिशचा वास. पायाखाली भुसा. दुकानदार काका स्टुलावर बसून आमची गंमत बघत होते, कारण तो प्रत्येक कपाटाचं दार उघडून, आत डोकं घालून "हे मजबूत आहे" म्हणत होता, आणि त्याला त्यातलं माझ्याइतकंच कळत होतं. एका कपाटाला आरसा होता. त्यात आमची नजरानजर झाली. मी आरशातूनच जीभ दाखवली. त्यानं आरशातूनच डोळा मारला. मास्तर असून!

"ताई," काका म्हणाले, "एका माणसाचे कपडे असतील तर हे पुरे. दोघांचे असतील तर मग ते मोठं बघा."

मी एकदम बिजागरी तपासायला लागले. बिजागरीत बघण्यासारखं काय असतं? पण मी बघत होते, डोळे फाडफाडून. मागे त्याच्या खाकरण्याचा आवाज आला.

"आत्ता एकीचंच आहे..." तो म्हणाला. थांबला. "पण तुम्ही मोठंच दाखवा."

काकांना कळेना. हातातली टेप अर्धी ओढून त्यांनी विचारलं, "म्हणजे नक्की किती जणांचं समजू?"

"दोघांचं," मी म्हटलं, आणि मोठ्या कपाटाचं दार उघडून सरळ आत बघत राहिले. हसू लपवायला त्या अख्ख्या दुकानात दुसरी जागाच नव्हती.